मधुमेही मुलाच्या आईचा फोन कोण उचलणार?

टाइप वन मधुमेहाचे निदान झालेले मूल आठवड्याभराने सरकारी रुग्णालयातून घरी निघते, तेव्हा आईच्या पिशवीत इन्सुलिनच्या बाटल्या, सिरिंज, ग्लुकोमीटर, जमल्यास पट्ट्यांची एक डबी आणि डिस्चार्ज कार्ड असते. त्या कार्डाच्या मागे बऱ्याचदा बॉलपेनने एक मोबाइल नंबर लिहिलेला असतो. तो वॉर्डातल्या निवासी डॉक्टरचा स्वतःचा नंबर. ‘काही वाटलं तर फोन करा,’ असे त्याने सांगितलेले असते आणि बहुतेक वेळा तो फोन उचलतोही. पण काही महिन्यांनी त्याची पाळी दुसऱ्या वॉर्डात लागते, वर्ष-दोन वर्षांत तो शिकून बाहेर पडतो. त्याच्याबरोबर नंबरही जातो. मुलाचा मधुमेह मात्र आयुष्यभर राहणार असतो.

मुलांच्या मधुमेहासाठी ‘डिजिटल मदत’ असा विषय निघाला की आज अॅप, सेन्सर, स्मार्ट पेन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा होते. परिषदांमधून त्यांची सादरीकरणे होतात. पण आपल्याकडच्या बहुसंख्य गरीब कुटुंबांच्या हातात प्रत्यक्ष असलेली डिजिटल मदत म्हणजे हा बॉलपेनने लिहिलेला नंबर. ती व्यवस्था अनधिकृत आहे, एका माणसाच्या भलेपणावर चालते आणि कधीही बंद पडू शकते. तरीही ती उपयोगी पडते, कारण पलीकडे त्या मुलाला ओळखणारा माणूस असतो. नवे काही उभारायचे असेल तर आधी हे नीट समजून घ्यायला हवे.

मोठ्यांचा, म्हणजे टाइप टू मधुमेह आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणारा टाइप वन हा वेगळा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करते. जास्त गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईने गरोदरपणी काही चुकीचे खाल्ल्यानेही होत नाही. (हे सासरच्या मंडळींना समजावण्यात बालरोग विभागांचा बराच वेळ जातो.) १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्यापूर्वी हे निदान म्हणजे मुलाचा मृत्यू हेच समीकरण होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुले-मुली या आजारासह जगत आहेत, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. आपला राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम मात्र तिशीपुढच्या माणसांची साखर मोजतो.

बहुतेक आजारांत औषधाचा डोस डॉक्टर ठरवतो आणि घरचे तो पाळतात. इथे तो रोज घरी ठरतो. दिवसातून चार इंजेक्शने धरली तर वर्षाला १,४६० होतात. आणि प्रत्येक वेळी आईला काहीतरी ठरवावे लागते. आत्ताची साखर किती? मूल खाणार किती? संध्याकाळी कबड्डीचा सराव आहे का? थंडी-ताप आहे का? डॉक्टर हे मूल वर्षातून चार-सहा वेळा, दहा-दहा मिनिटे पाहतो. उरलेला सगळा वैद्यकीय कारभार चौथी-सातवी शिकलेली आई पाहते. तिला ‘काळजीवाहक’ म्हणायचे, पण खरे तर तिथली डॉक्टर तीच असते, आणि तीही रात्रपाळीसह.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ टाइप वन रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे हा अभ्यास चालला होता. साखर काटेकोर ठेवल्यास डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून सिद्ध झाले. जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांना हा आकडा पाठ आहे. त्याच चाचणीतल्या दुसऱ्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. काटेकोर उपचारांच्या गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंग जवळपास तिपटीने वाढले होते. आणि त्या गटातले रुग्ण दर महिन्याला केंद्रात येत होतेच, शिवाय मधल्या काळात डोस बदलण्यासाठी त्यांना वरचेवर फोन केला जात होता. तेव्हा ना अॅप होते ना सेन्सर. फोनही तारेचा होता. आपण त्या चाचणीतून इन्सुलिन घेतले, दिवसातून चार तपासण्या घेतल्या. फोन तेवढा घेतला नाही.

फोन कशासाठी लागतो, याचे एक उदाहरण पुरे. मुलाला उलट्या सुरू होतात, ते काही खात नाही. आई विचार करते, पोटात अन्नच नाही तर इन्सुलिन कशाला? साखर एकदम उतरेल. तिचा तर्क अगदी सरळ आहे आणि या आजारात याहून घातक तर्क दुसरा नाही. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते. इन्सुलिन पूर्ण थांबले की शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होते. त्यामुळे पोटदुखी आणि उलट्या आणखी वाढतात, श्वास खोल आणि जलद होतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. गावातला डॉक्टर ‘पोट बिघडलंय’ म्हणून सलाइन लावतो, आणि ते ग्लुकोजचे असेल तर आगीत तेल पडते. एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊ शकते. आईने पहिल्या उलटीनंतर फोन केला असता आणि कोणी एवढेच सांगितले असते, की डोस कमी-जास्त करू पण इन्सुलिन बंद करायचे नाही, दर दोन-तीन तासांनी साखर तपासा, पाणी देत राहा, लघवीत कीटोन दिसले किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच निघा, तर अतिदक्षता विभागातली खाट रिकामी राहिली असती.

असाच दुसरा प्रसंग सिरिंजचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनमधले इन्सुलिन १०० युनिटचे असते. १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची. तालुक्याच्या दुकानात लाल टोपणाची संपली म्हणून नारिंगी घेतली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये प्रत्यक्षात चारच युनिट जातात. उलट, पेनच्या काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले, तर दहाऐवजी पंचवीस जातात. पहिल्या चुकीत साखर चारशेवर का गेली ते आठवडाभर कळत नाही, दुसरीत मूल तासाभरात गळून पडू शकते. ही चूक व्हिडिओ कॉलवर अर्ध्या मिनिटात पकडता येते. ‘ताई, सिरिंज जरा कॅमेऱ्यासमोर धरा’ एवढेच म्हणावे लागते. त्यासाठी कोणत्याही महागड्या तंत्राची गरज नाही.

महागडे तंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. दंडावर चिकटवलेला सेन्सर दर काही मिनिटांनी साखर दाखवतो आणि ती वर चढतेय की खाली घसरतेय तेही दाखवतो. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास अशा सेन्सरचे आकडे फक्त जवळच्या यंत्रावरच दिसत. शाळेत गेलेल्या मुलाची साखर कामावर असलेल्या पालकाला कळत नसे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका सॉफ्टवेअर अभियंता बापाने स्वतःच कोड लिहून चार वर्षांच्या मुलाचे आकडे इंटरनेटवर आणले. इतर पालक येऊन मिळाले आणि ‘नाइटस्काउट’ नावाची मोफत प्रणाली उभी राहिली. ‘आम्ही वाट पाहणार नाही’ हे त्यांचे घोषवाक्य होते. पुढे कंपन्यांनाही तशी सोय द्यावी लागली. पालकांना नेमके काय हवे, हे कंपन्यांपेक्षा पालकांनाच आधी कळते, याचा हा चांगला पुरावा.

पण त्या बापाला कोड लिहिता येत होता आणि सेन्सर त्याच्याकडे होता. आपल्याकडे दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात. सेन्सर सोडा, एक पट्टी २० रुपयांची धरली आणि दिवसाला चार वापरल्या, तरी महिन्याचे २,४०० रुपये होतात. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात मग पट्टी वाचवली जाते. दिवसाला चारची एक होते, मग आठवड्याला दोन. अशा घरातल्या फोनमध्ये साखरेच्या नोंदींचे अॅप टाकून दिले तर त्यात भरायचे काय? सरकारी रुग्णालयांत इन्सुलिन बऱ्याच ठिकाणी मोफत मिळते, पट्ट्यांचा नियमित पुरवठा मात्र क्वचित होतो. पट्ट्यांशिवाय दिलेले अॅप म्हणजे धान्याशिवाय दिलेले रेशनकार्ड.

सेन्सर परवडणाऱ्या शहरी घरांच्याही अडचणी आहेत. मूल सेन्सर लावलेल्या दंडावर झोपले की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो आणि मध्यरात्री अलार्म वाजतो. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे असतो. ज्यांना हे कोणी सांगितलेले नसते ते आईबाप रात्री तीनदा उठतात, झोपेतल्या मुलाला साखरपाणी पाजतात आणि सकाळी साखर तीनशे पाहून एकमेकांवर चिडतात. वर्षानुवर्षे अपुऱ्या झोपेवर जगणारी आई डोस मोजताना चुकते, ही साधी गोष्ट आहे. तिची झोप हा मुलाच्या उपचाराचाच भाग मानायला हवा. अलार्म कितीवर लावायचा, रात्र आईबापांनी कशी वाटून घ्यायची, हे औषधाच्या चिठ्ठीइतक्याच गांभीर्याने ठरवायला हवे.

आणखी एक प्रश्न अॅप बनवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. घरातला फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या. तेव्हापासून चित्र सुधारले असेलच. तरी अनेक घरांत स्मार्टफोन नवऱ्याबरोबर शेतावर किंवा कारखान्यात जातो. इंजेक्शन आई देते आणि ‘इन्सुलिनची वेळ झाली’ असा संदेश वाळूच्या ट्रकमध्ये वाजतो. त्यामुळे व्यवस्था साध्या बटणाच्या फोनवर चालायला हवी, मिस्ड कॉल दिला तर उलट फोन यायला हवा, आणि वाचावा लागणारा मजकूर कमी, ऐकता येणारा जास्त हवा. मेळघाटात तो कोरकूत हवा, नंदुरबारकडे भिली-पावरीत. आहाराची माहितीही तिथलीच हवी. बाहेरच्या अॅपमध्ये ब्रेडच्या स्लाइसचा हिशेब तयार असतो. ज्वारीच्या भाकरीचा नसतो, कारण भाकरी घराघरात वेगळ्या आकाराची होते. त्या घरची भाकरी एकदा तव्यावरून काढून वजनकाट्यावर ठेवणे आणि ‘तुमची एक भाकरी म्हणजे इतके कर्बोदक’ असे आईला सांगणे, हे काम आहारतज्ज्ञाने फोटो आणि फोनवरून करता येण्यासारखे आहे. एकादशीच्या साबुदाण्याचेही तसेच.

ज्या फोनवरून मदत येऊ शकते, त्याच फोनवरून विषही येते. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘इन्सुलिनपासून कायमची मुक्ती’ असे व्हिडिओ मधुमेही मुलाच्या घरात कोणी ना कोणी पाठवतोच, बहुधा प्रेमापोटी. त्यांची खरी ताकद आजाराच्या एका विचित्र वळणात आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेक मुलांच्या शिल्लक पेशी थोड्या सावरतात. इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते, कधी दिवसाला चार-पाच युनिटवर येते. डॉक्टर याला ‘हनीमून’ म्हणतात. काही महिने, क्वचित वर्षभर ही स्थिती टिकते आणि संपते. नेमक्या याच काळात कोणी काढा किंवा चूर्ण सुरू केले असेल, तर गुण त्याचाच वाटतो. साखर खरोखर उतरलेली असते, मग अविश्वास कसा ठेवायचा? उरलेले इन्सुलिनही बंद केले जाते. पुढे कीटोन साठलेल्या अवस्थेत मूल रुग्णालयात येते आणि काही मुले वाचत नाहीत. अशा आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता. निदानानंतर चौथ्या-सहाव्या आठवड्यात रुग्णालयातून फोन गेला असता आणि ‘आता डोस कमी लागेल, तो का कमी लागेल आणि पुन्हा का वाढेल’ हे आधीच सांगितले गेले असते, तर व्हिडिओचा प्रभाव निम्मा झाला असता. आधी सांगितलेली गोष्ट विश्वासार्ह ठरते. नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

पालकांचे व्हॉट्सअॅप गट या पोकळीत आपोआप उभे राहिले आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. ‘माझी मुलगी आता बारावीला आहे, होतं सगळं’ हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाच्या आईला कोणताही प्राध्यापक डॉक्टर देऊ शकणार नाही. कोणाकडे इन्सुलिन संपले तर शेजारच्या गावचा सदस्य बाटली पोहोचवतो. पण त्याच गटात ‘आम्ही सहा युनिट देतो, तुम्हीही द्या’ असेही लिहिले जाते, आणि एकाच वजनाच्या दोन मुलांचा डोसही सारखा नसतो. त्यामुळे गटात प्रशिक्षित परिचारिका असावी आणि डोसची चर्चा गटात नव्हे तर फोनवर व्हावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

मुलाच्या बाजूनेही थोडा विचार हवा. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या साखरेच्या वहीत कधीकधी महिन्याभराचे आकडे एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले दिसतात. सगळे ११० ते १४०. डॉक्टर रागावतो म्हणून आकडे खोटे लिहिले जातात, यात डॉक्टरचाही वाटा आहे. आता आकडा थेट बापाच्या फोनवर जाऊ लागला, की खोटे लिहिता येत नाही. मग तेरा वर्षांचा मुलगा सेन्सरच काढून ठेवतो. मधल्या सुट्टीत ‘२२० कशी झाली, वडापाव खाल्लास ना?’ असा फोन आला तर तो दुसरे काय करणार? आकडा पाहणाऱ्याने कधी फोन करायचा आणि कधी गप्प बसायचे, हे मुलाशी बोलून ठरवावे लागते. कोणत्याही अॅपमध्ये त्याची सेटिंग नसते.

शाळेची बाजू कागदावर बरी आहे. सीबीएसईने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि साखरेच्या गोळ्या नेऊ दिल्या. वर्गात साखर तपासू द्यावी, इंजेक्शन घेऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना ही पत्रे क्वचितच पोहोचतात. घाम फुटलेल्या, बरळणाऱ्या मुलाला आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही आणि १०८ ला फोन करायचा, एवढे सांगणारी दोन मिनिटांची चित्रफीत त्यांच्या गटावर पाठवायला पैसे लागत नाहीत.

मग सरकारने करायचे काय? नवे अॅप काढू नये, ही पहिली विनंती. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालमधुमेहासाठी एक मोबाइल असावा. तो रुग्णालयाच्या मालकीचा असावा, डॉक्टर बदलला तरी नंबर बदलू नये. दिवसा तो प्रशिक्षित परिचारिकेकडे असावा. रात्री राज्यभरासाठी एकच मराठी मदतवाहिनी चालावी आणि तिच्यासमोर मुलाची नोंद उघडलेली असावी. हे अशक्य आहे असे आता कोणी म्हणू शकत नाही. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा चोवीस तास, अनेक भाषांत चालते. ई-संजीवनी २०२० पासून आहे, पण तिथे प्रत्येक वेळी तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते, आणि या आजारात ओळख हाच अर्धा उपचार आहे. त्याच वर्षीच्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी फोनवरून सल्ला देण्याला नियमांची चौकट दिली, त्यामुळे ‘फोनवर डोस सांगितला आणि काही झाले तर’ या भीतीलाही उत्तर आहे. शिवाय पहिले तीन महिने फोन रुग्णालयाने करायचा, आईने नव्हे. पहिल्या आठवड्यात रोज, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला. आणि नंबराबरोबर पट्ट्या द्यायच्या. खर्चाचा हिशेब करणाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या एका मुलाच्या पाच दिवसांचा खर्चही शेजारी मांडावा.

ते होईपर्यंत घरच्यांना काही गोष्टी आजच करता येतील. फोनमध्ये चार फोटो ठेवावेत: इन्सुलिनच्या बाटलीचे लेबल, सिरिंजचे टोपण, डिस्चार्ज कार्डाच्या दोन्ही बाजू आणि आत्ता चालू असलेल्या डोसची चिठ्ठी. डोस बदलला की चिठ्ठीचा फोटो बदलावा. बालरोग विभागाचा दूरध्वनी क्रमांक आणि वॉर्डातल्या सिस्टरांचा विस्तार क्रमांक घरी निघतानाच लिहून घ्यावा, कारण रात्री तीनला फोन उचलण्याची शक्यता त्यांचीच अधिक असते. आणि हे सगळे आजीच्या बटणाच्या फोनमागेही एका चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. आईबाप कामावर गेल्यावर मुलाजवळ घरी तीच असते.